कोड कव्हरेज किती टक्के असावे, आणि ते कशाने मोजावे?

होटगीरोड (प्रश्न):

नमस्कार. सोलापुरात आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरींच्या कारखानदारांसाठी आम्ही बिलिंग आणि साठ्याची प्रणाली तयार करतो. कोड पायथॉनमध्ये आहे आणि स्क्रीन ब्राउझरमध्ये चालतात. आजवर आमची तपासणी म्हणजे चार-दोन बिले काढून कॅल्क्युलेटरवर ताळा करणे एवढीच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यावर मात्र प्रत्येक ग्राहकाची बिले अशी हाताने तपासणे आवाक्याबाहेर गेले. आता एका मोठ्या ग्राहकाने नव्या करारात अट घातली आहे की, प्रत्येक रिलीजसोबत कव्हरेजचा (म्हणजे टेस्ट चालवताना आपला किती टक्के कोड प्रत्यक्ष चालला याचा) अहवाल द्यावा आणि हा आकडा ८० टक्क्यांच्या खाली नसावा. कोणती साधने वापरावीत, ८० हा आकडा कितपत अर्थपूर्ण आहे आणि स्क्रीनच्या टेस्टचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रेल्वेलाइन्स:

साधनांसाठी फार शोधाशोध करावी लागणार नाही. टेस्ट चालवायला पायटेस्ट आणि मोजणीला नेड बॅचेल्डर यांचे कव्हरेज-पाय ही जोडी सर्वत्र रुळलेली आहे. पायटेस्ट-कव्ह हे प्लगइन घातले की दोन्ही कामे एकाच आदेशात होतात. (आपला कोड जावामध्ये असता तर जाकोको आणि सीमध्ये असता तर जीसीसी या कंपायलरबरोबर येणारे जीकोव्ह सुचवले असते.)

मात्र दोन सेटिंग पहिल्याच दिवशी नीट लावा, कारण आकड्याचा खरेपणा त्यांवर अवलंबून आहे. 'सोर्स' या पर्यायात आपल्या कोडचे फोल्डर दिले नाही, तर टेस्ट चालताना ज्या फाइल इम्पोर्टच झाल्या नाहीत त्या अहवालात येतच नाहीत. म्हणजे ज्या भागाला एकही टेस्ट शिवलेली नाही, नेमका तोच हिशेबातून गळतो आणि टक्केवारी फुगते. खुद्द टेस्टच्या फाइल मोजणीत राहिल्या तरीही हेच होते, कारण त्या जवळजवळ पूर्ण चालतात.

दुसरे सेटिंग ब्रँच कव्हरेजचे, म्हणजे 'इफ'सारख्या प्रत्येक अटीच्या दोन्ही वाटा टेस्टमध्ये चालल्या का हे मोजण्याचे. ते आपोआप चालू नसते, मुद्दाम चालू करावे लागते. आपल्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. बिलाच्या फंक्शनमध्ये असे लिहिले आहे की, सूट असेल तर दरातून ती वजा करून उत्तर 'निव्वळ' या व्हेरिएबलमध्ये ठेवावे, आणि पुढच्या ओळीत 'निव्वळ'वर कर काढावा. सूट असलेल्या एकाच बिलाची टेस्ट लिहिली तरी प्रत्येक ओळ चालते आणि ओळींचे कव्हरेज १०० टक्के दिसते. पण ज्या बिलात सूट नाही तिथे 'निव्वळ'ला किंमतच मिळालेली नसते आणि प्रोग्राम त्या ओळीवर बंद पडतो. ब्रँचची मोजणी चालू असेल तर एचटीएमएल अहवालात 'इफ'ची ती ओळ पिवळी दिसते: एक वाट तपासली, दुसरी राहिली. माझ्या मते अहवालातील टक्केवारीपेक्षा या पिवळ्या ओळी एकत्र बसून वाचण्यात अधिक फायदा आहे.

मोजणीमुळे टेस्ट संथ होतात अशी तक्रार ऐकू येते. पायथॉन ३.१२ पासून भाषेतच देखरेखीची नवी सोय आली असून कव्हरेज-पायच्या नव्या आवृत्त्या तिचा उपयोग करू शकतात, त्यामुळे हा भार बराच हलका होतो.

विजापूरवेस:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ब्रँच कव्हरेज पूर्ण झाले म्हणजे बिल बरोबर निघते असे कृपया समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल, बेडशीट यांसारख्या तयार कापडी वस्तूंवर नगाची विक्रीकिंमत २५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के जीएसटी लागतो. आपण ४०० रुपयांची एक आणि ३००० रुपयांची एक अशा दोन टेस्ट लिहिल्या, तर दोन्ही वाटा चालतात आणि कव्हरेज १०० टक्के येते. आता कोणी '२५०० किंवा त्याहून कमी' याऐवजी नुसते '२५०० पेक्षा कमी' असे लिहिले, तरी दोन्ही टेस्ट उत्तीर्णच होतात. मात्र बरोबर २५०० रुपयांच्या नगावर १२५ रुपयांऐवजी ४५० रुपये कर लागतो. २६०० रुपयांच्या बेडशीटवर बिलातच १०० रुपये सूट दाखवली की किंमत नेमकी तिथेच येते, त्यामुळे ही शक्यता दूरची नाही. दर ठरवणाऱ्या प्रत्येक नियमासाठी २४९९, २५०० आणि २५०१ अशा सीमेवरच्या टेस्ट हव्यातच.

अशा उणिवा शोधून काढण्यासाठी म्युटेशन टेस्टिंग आहे. हा विचार रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये मांडला. पायथॉनसाठी मटमट आणि जावासाठी पिट ही साधने कोडमध्ये स्वतःहून लहान लहान बिघाड करतात, उदाहरणार्थ तुलनेचे चिन्ह बदलतात, आणि प्रत्येक बिघाडासह आपल्या टेस्ट चालवतात. बिघाड करूनही एकही टेस्ट नापास झाली नाही, तर त्या जागी आपली तपासणी पोकळ आहे हे उघड होते. याला वेळ खूप लागतो, म्हणून संपूर्ण प्रणालीवर न चालवता कर, सूट आणि पैशांचे राउंडिंग एवढ्याच मॉड्यूलवर रात्री चालवा.

आणखी एक कळकळीची विनंती: केवळ अट भागवण्यासाठी, फंक्शन बोलवायचे पण उत्तर तपासायचे नाही, अशा असर्टविना टेस्ट लिहू नका. त्यांनी ८० टक्के सहज गाठता येतात, आणि कारखानदाराचे बिल मात्र चुकायचे तसे चुकतच राहते.

८० या आकड्याला स्वतःचे असे बळ नाही. किती कव्हरेज पुरेसे हे चुकीची किंमत किती मोठी यावर ठरते. विमानातील सर्वांत गंभीर श्रेणीच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे मानक ब्रँचच्याही पुढची एमसी/डीसी ही कसोटी मागते, म्हणजे निर्णयातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते हे टेस्टने दाखवावे लागते. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या गाभ्याने ती कसोटी १०० टक्के पूर्ण केलेली आहे, तरीही त्याचे निर्माते फझिंगसारख्या (प्रोग्रामला मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन पाहण्याच्या) वेगळ्या चाचण्या सतत चालवतात. आपल्याकडे करगणनेचे मॉड्यूल ८० टक्क्यांवर थांबले तर ते कमी आहे. अहवालाचे रंग ठरवणारा कोड ५० टक्क्यांवर राहिला तरी बिघडत नाही.

होटगीरोड:

दोघांचेही मनापासून आभार. आमचा बराच कोड जुना आहे आणि त्याला टेस्ट नाहीत. पहिल्याच रिलीजला ८० टक्के दाखवायचे तर वर म्हटलेल्या पोकळ टेस्टच लिहाव्या लागतील. ग्राहकाला काय सांगावे?

जुळेसोलापूर:

प्रथम स्क्रीनबद्दल. ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणाऱ्या साधनांपैकी, नव्याने सुरुवात करत असाल तर सेलेनियमऐवजी मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट पाहावे असे मी सुचवेन. ते पायथॉनमधून चालते आणि बटण दिसून दाबण्याजोगे होईपर्यंत स्वतःच थांबते, त्यामुळे मधूनच नापास होणाऱ्या टेस्ट कमी होतात. बिल काढणे, रद्द करणे आणि छापणे एवढेच मार्ग स्क्रीनवरून तपासा. हिशेबाची सर्व पडताळणी खालच्या फंक्शनच्या टेस्टमध्ये ठेवा, कारण तिथे ती सेकंदात होते.

ग्राहकाला संपूर्ण कोडची सरासरी देण्याऐवजी अट दोन भागांत मांडून द्या. नव्या किंवा बदललेल्या ओळींचे कव्हरेज ९० टक्के असावे. डिफ-कव्हर हे साधन गिटमधील (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतील) फरक आणि कव्हरेजचा अहवाल जुळवून एवढ्याच ओळींचा आकडा देते. जुन्या कोडचे कव्हरेज आज जे असेल ते अहवालात स्पष्ट लिहावे आणि पुढे कोणत्याही रिलीजमध्ये ते घटू नये. कव्हरेज-पायमध्ये किमान मर्यादा ठरवता येते आणि तिच्या खाली गेल्यास सीआयमधील (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेतील) बिल्ड नापास होते, म्हणून ही मर्यादा आजच्या आकड्यावर ठेवून तो वाढेल तशी वर सरकवत न्या. जुन्या कोडपैकी टेस्ट लिहायला सुरुवात करगणनेपासून करा, आणि ग्राहकाच्या हिशेबनिसांकडून खरी, तपासलेली बिले मागून घ्या. त्यातील रकमा हीच टेस्टची अपेक्षित उत्तरे. अशी बिले देण्याची जबाबदारी करारात ग्राहकाच्या बाजूला लिहून घ्यायला विसरू नका.