नोलिमिट्स २ मध्ये लाकडी कोस्टरचे सपोर्ट खरे वाटावेत म्हणून काय करावं?

रूळवेडा
नमस्कार मंडळी. हे खरं तर गेम विभागात टाकायला हवं, पण इथे स्थापत्यवाले आणि सुतारकाम जाणणारे जास्त दिसतात म्हणून इथेच विचारतोय.

प्लॅनेट कोस्टर हा रोलरकोस्टर बांधायचा गेम दोन वर्षं खेळलो. तिथे ट्रॅक टाकला की खाली सपोर्ट, म्हणजे आधाराचे खांब, आपोआप उगवतात, त्यामुळे त्या बाबतीत कधी डोकं लावावं लागलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत नोलिमिट्स २ हे कोस्टर बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि २८ मीटर उंचीचा लाकडी कोस्टर केला. सरळ लांब जायचं, शेवटी मोठं वळण घ्यायचं आणि उड्या मारत परत स्टेशनात. ट्रॅक छान जमलाय. पण सपोर्ट! नोड (बीम जोडायचा बिंदू) टाक, बीम जोड, पुन्हा नोड टाक, असं करत रात्रीचा दीड वाजतो आणि दिसतं काय, तर गणपतीच्या मांडवाचे उरलेले बांबू कुणीतरी ट्रॅकखाली खुपसलेत. बहिणीने स्क्रीनशॉट बघून विचारलं, "हे पडत कसं नाही?"

चौकटी किती अंतरावर ठेवायच्या, तिरके बीम कुठे द्यायचे आणि कुठला खरा कोस्टर समोर ठेवून शिकायचं, एवढं सांगा. लॅपटॉप जुना आहे, हेही लक्षात घ्या.

पायाड
स्क्रीनशॉट पाहिले. तू ट्रॅकपासून खाली येतोयस, सगळा घोळ तिथेच आहे. ट्रॅकवर नोड, तिथून जमिनीपर्यंत बीम, मग दोन बीमच्या मध्ये हाताला येईल तिथे आडवा. त्यामुळे तुझा प्रत्येक आडवा वेगळ्या उंचीवर गेलाय.

गवंडी नळीत पाणी भरून अख्ख्या घराला एक लेव्हल काढतो ना, तसं आधी ठरव. ३ मीटरवर पहिली आडवी ओळ, ६ वर दुसरी, ९ वर तिसरी. ट्रॅक चढो वा उतरो, या ओळी हलत नाहीत. ट्रॅक खाली येतो तशा वरच्या ओळी एकेक करून संपतात. जमीन उताराची असेल तर खांबांची खालची टोकं लहानमोठी होतात, ओळी तिथेच राहतात. लांबून लाकडी कोस्टरची जी जाळी दिसते, ती या ओळींमुळे.

चौकट, म्हणजे ज्याला तिकडे बेंट म्हणतात, ती ट्रॅकला काटकोनात आणि ओळंब्यात उभी. वळणावरही उभीच. ट्रॅक कललेला असला तरी कलतो तो फक्त सगळ्यात वरचा दांडा, ज्यावर ट्रॅक बसतो. तू वळणावर अख्खे खांबच ट्रॅकबरोबर आडवे केलेत. मी सरळ भागात चौकटी ३ मीटरवर ठेवतो आणि दरीच्या तळाशी जवळ घेतो, कारण गाडी सगळ्यात जोरात दाबते ती तिथे.

आता ते मोठं वळण. समज गाडी ताशी ७२ किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि वळणाची त्रिज्या २० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २०. गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दुप्पट. गाडी आपल्या वजनाच्या दुप्पट जोराने सांगाड्याला बाहेर ढकलतेय. ट्रॅक कलवल्याने बसणाऱ्याची बरगडी वाचते, पण खांबावरचा तो आडवा धक्का तेवढाच राहतो. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वरपासून जमिनीपर्यंत पाय फाकवून उभे असलेले तिरके टेकू हवेतच. तू ते आतल्या बाजूला दिलेस. बहिणीचा प्रश्न रास्त आहे.

न्यूजर्सीकर
कुठला कोस्टर बघावा, यावर मी बोलते. आमच्या घरापासून एल टोरो हा न्यू जर्सीतला लाकडी कोस्टर तासाभरावर आहे. २००६ चा, १८१ फूट उंच, पहिला उतार ७६ अंशांचा. बसायला अप्रतिम, पण नवशिक्याने त्याची नक्कल करू नये. फार मोठा आहे, लॅपटॉप रडेल.

आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन बघून शिकणार असशील तर सावध! १९२७ चा, जगभर लाकडी म्हणून प्रसिद्ध. मी सर्फ अव्हेन्यूच्या फुटपाथवरून मान वर करून बघितलं तर सांगाडा लोखंडी! लाकडी आहे तो ट्रॅक. कोस्टरला लाकडी म्हणतात ते ट्रॅकवरून, खांबांवरून नाही, हे मला तिथे उभी राहून कळलं. इंडियानातला व्हॉएज, २००६ चाच, तोही असाच, ट्रॅक लाकडाचा आणि खाली स्टील.

तुझ्यासाठी ओहायोच्या किंग्ज आयलंडमधला रेसर बरा. १९७२ चा, उंची ८८ फूट, म्हणजे तुझ्या २८ मीटरच्या जवळपास. तोही लांब जाऊन परत येणाराच. शिवाय पांढरा रंगवलेला, त्यामुळे आभाळासमोर एकेक लाकूड मोजता येतं. गुंतागुंत बघायची असेल तर जर्मनीतल्या युरोपा-पार्कचा वोडान, २०१२ चा. पण तो नंतर.

रंधा
आमचं घराणं सुतारांचं, म्हणून मला दुसरंच खुपलं. तुझे तिरके बीम एकमेकांच्या पोटातून आरपार जातायत. लाकूड असं जात नाही. फुलीतला एक तिरका खांबांच्या पुढच्या अंगाला बोल्ट करतात, दुसरा मागच्या अंगाला. मधे खांबाच्या जाडीइतकी फट राहते. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बीम खांबाच्या मध्यरेषेपासून थोडे पुढेमागे सरकव. एवढं केलंस तरी अर्धं चित्र सुधारेल.

दुसरं म्हणजे मापं. तू सगळीकडे २०० बाय २०० मिलिमीटर टाकलंयस. ते लाकूड नाही, पुलाचा खांब वाटतो. अमेरिकेत ज्याला ४ बाय ६ इंच म्हणतात, ते रंधून हातात येतं तेव्हा ८९ बाय १४० मिलिमीटर भरतं. खांबाला ते घे, उंच ठिकाणी दोन शेजारी शेजारी. तिरक्यांना २ बाय ८, म्हणजे ३८ बाय १८४. एकदम सडपातळ दिसायला लागेल.

आणि २८ मीटरचं एक अखंड लाकूड कुठल्या वखारीत मिळतं, ते मलाही कळव! खांब तुकड्यांनीच चढतो. दोन शेजारच्या लाकडांचे सांधे एका उंचीवर येऊ देऊ नकोस, एकाचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर आला पाहिजे. आमच्या आजोबांनी याच चुकीसाठी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती.

ढिगारा
रंधाभाऊंचं सगळं मान्य, पण हे सगळं केलं तर त्याचा लॅपटॉप विझेल. माझा अनुभव: सांधे आणि बोल्ट फक्त स्टेशनजवळ आणि लिफ्टच्या, म्हणजे साखळी गाडीला वर ओढते त्या चढाच्या, बाजूला दाखवा, जिथे कॅमेरा हळू जातो. लांबच्या वळणात खांब अखंड ठेवले तरी कुणाला पत्ता लागत नाही. एक उंची ठरवून एक चौकट नीट करा, ती कॉपी करत जा, मग फक्त वरचं टोक ट्रॅकप्रमाणे कापा.

रूळवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सगळे सपोर्ट पुसून पुन्हा सुरुवात केली. ओळी ३-६-९ वर बांधल्या, फुल्या पुढेमागे केल्या. वळण आता खरंच वळणासारखं दिसतंय, आईपण म्हणाली "हे बरंय".

नवी अडचण. परतीचा ट्रॅक पहिल्या टेकडीच्या पोटातून जातो आणि दोन चौकटींचे मधले खांब थेट गाडीच्या वाटेत येतात. ते नुसते काढून टाकू का?

पायाड
काढ, पण वरचं वजन हवेत सोडू नकोस. गाडीभोवती हात वर केलेल्या माणसाला पुरेल एवढी जागा मोकळी ठेव. त्या मोकळ्या जागेच्या डोक्यावर जाड आडवा दे आणि त्यावर कैची, कौलारू घराच्या छपराला असते तशी, म्हणजे वजन दोन्ही अंगांच्या खांबांवर जाईल. ते बाजूचे खांब दुहेरी कर. आणि लिफ्टच्या चढावर ट्रॅकच्या दिशेनेही तिरके दे. सगळ्या फुल्या तू आडव्या दिशेनेच दिल्यात. साखळी गाडीला वर ओढते तेव्हा सांगाडा लांबीच्या दिशेनेही ओढला जातो.

न्यूजर्सीकर
नवा स्क्रीनशॉट मस्त! पण लिफ्टच्या कडेला चालायची फळी आणि कठडा कुठाय? रोज सकाळी ट्रॅक तपासायला माणूस वर चढतो. तुझ्याकडे तो उडत जाणार का?

रूळवेडा
🙈 आज रात्री पुन्हा दीड.