मदत हवी आहे: ऑनलाइन मागवलेली एसएसडी, मेमरी कार्ड आणि चार्जर अस्सल आहे हे ओळखायचं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

घरातले जुने फोटो आणि व्हिडिओ स्कॅन करून एका जागी आणायचं काम अंगावर घेतलंय. त्यासाठी एक पोर्टेबल एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह), कॅमेऱ्यात घालायला मायक्रोएसडी कार्ड आणि जोडीला फोनचा चार्जर ऑनलाइन मागवायचा आहे. जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय.

एकाच कार्डाच्या पानावर "इतर विक्रेते" म्हणून चार-पाच जण दिसतात. फोटो तोच, वर्णन तेच, किमती वेगळ्या. रिव्ह्यू ढिगाने, तारे भरपूर, पण एक तारा देणारे शपथेवर सांगतात की माल डुप्लिकेट आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात का?

शिवाय कधी न ऐकलेल्या नावाची १६ टीबीची "एसएसडी" नामांकित कंपनीच्या १ टीबीपेक्षा स्वस्त दिसली. ती घ्यायची नाही एवढं कळतं, पण आत नेमकी काय भानगड असते? आणि खोक्यावरचा होलोग्राम, क्यूआर कोड, सीरियल नंबर यांच्यावर किती विसंबायचं?

"स्वस्ताच्या नादी लागू नकोस" हे घरात ऐकून झालंय. त्यापुढचं कोणी सांगेल का?

खटपट्या

हो, दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. ते पान वस्तूचं असतं, विक्रेत्याचं नाही. पाच जणांनी विकलेल्या मालाचे रिव्ह्यू एकाच ठिकाणी जमा होतात, त्यामुळे चार प्रामाणिक आणि एक लबाड असला तरी तारे सगळ्यांना सारखेच. त्यातून काही मोठ्या गोदामांमध्ये एकाच बारकोडचा माल विक्रेत्यांप्रमाणे वेगळा न ठेवता एकत्र ठेवायची पद्धत होती. म्हणजे पैसे चांगल्या विक्रेत्याला मिळाले तरी हातात नग भलत्याचाच पडू शकतो. म्हणून "विकणार कोण" आणि "पाठवणार कोण" या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. दुसऱ्या ओळीत मोठ्या साइटचं नाव असलं म्हणजे पहिल्या ओळीतल्याची हमी मिळाली असं होत नाही.

मी उलट्या बाजूने जातो. आधी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी बघायची आणि तिथल्या लिंकवरून दुकानात शिरायचं. सर्चमधून आलात की सगळ्यात स्वस्त विक्रेता आपोआप पुढे येतो.

रिव्ह्यू "नवे आधी" लावून वाचा आणि जुने रिव्ह्यू त्याच वस्तूचे आहेत का ते बघा. फोन कव्हरचं जुनं पान बदलून त्यावर हार्ड डिस्क विकायला ठेवतात, तारे तसेच राहतात. "कव्हर छान बसलं" अशी दाद एसएसडीखाली दिसली की पुढे वाचायची गरज नाही.

टेस्टरताई

साठवणुकीच्या वस्तूंबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यात बेमालूम फसवणूक तिथेच होते.

त्या १६ टीबीच्या डबीत बहुधा यूएसबी कार्ड रीडर आणि त्यात खोचलेलं एखादं छोटं मेमरी कार्ड निघतं. वजन जाणवावं म्हणून आत धातूचा तुकडाही चिकटवलेला असतो. खरी करामत कंट्रोलर चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आत भरलेल्या प्रोग्रॅममध्ये. कॉम्प्युटरने "जागा किती?" विचारलं की ते बेधडक १६ टीबी सांगतं. खरी जागा ६४ जीबी असेल तर तेवढं भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढचा डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून जुन्यावर लिहिला जातो, भरलेली पाटी न पुसता तिच्यावरच गिरवत राहावं तसा. बहुतेक लोक पहिल्या आठवड्यात दहा-वीस जीबीच भरतात आणि खुशीत पाच तारे देऊन मोकळे होतात. म्हणून या वस्तूंच्या बाबतीत "पूर्ण १६ टीबी दिसतंय, मस्त!" या रिव्ह्यूला काडीची किंमत नाही.

कार्डाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. एसडीएक्ससी या प्रकाराची कमाल मर्यादाच २ टीबी आहे. त्यामुळे "एसडीएक्ससी ४ टीबी" असं छापलेलं कार्ड न तपासताच खोटं समजायचं.

रानजाई

ताई, पण फाइली कॉपी केल्यावर फोल्डरमध्ये दिसतात ना? मग लोकांना लगेच कळत कसं नाही?

टेस्टरताई

दिसतात, कारण फाइलींची नावं आणि आकार यांची नोंद सहसा सुरुवातीच्या भागात असते आणि तो भाग खरा असतो. यादी पूर्ण दिसते, आतला मजकूर मात्र गेलेला असतो. महिन्यांनी फोटो उघडायला जावं तर अर्धा करडा, नाहीतर उघडतच नाही. तोवर रिटर्नची मुदत संपलेली.

म्हणून आल्या आल्या ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचायची. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ-थ्री, दोन्ही फुकट आहेत. ओळखीचा डेटा लिहितात, वाचतात आणि किती खरं उतरलं ते सांगतात. वेळ मात्र लागतो. सेकंदाला ३० एमबी वेगाने १ टीबी लिहायलाच नऊ तासांहून जास्त जातात, वाचणं वेगळं. खरी एसएसडी असेल तर हे सगळं फार लवकर उरकतं आणि एसएसडी म्हणवणारी वस्तू ३० च्या आसपास रेंगाळली तर तोही पुरावाच. तेवढी सवड नसेल तर विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह नावाचं छोटं साधन आहे, ते पूर्ण न भरता ठिकठिकाणी लिहून-वाचून बघतं. सॅमसंगची एसएसडी असेल तर त्यांचं मॅजिशियन सॉफ्टवेअरही अस्सल-नक्कल तपासून सांगतं.

ओहमदास

चार्जरला वरचं काही लागू होत नाही. फोन चार्ज झाला म्हणजे चार्जर चांगला, असं समजू नका. २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा तपासणी संस्थेने ॲपलच्या नावाचे ४०० बनावट चार्जर तपासले. प्राथमिक सुरक्षा चाचण्यांत त्यातले ३९७ नापास झाले आणि १२ तर विजेच्या झटक्याने जीव जाऊ शकेल असे निघाले. फोन त्यांच्यावरही चार्ज झाला असता.

भिंतीतल्या विजेची जास्त व्होल्टेजची बाजू आणि फोनकडची कमी व्होल्टेजची बाजू यांच्यात अंतर आणि इन्सुलेशन लागतं. नकली माल बनवणारा काटछाट करतो ती नेमकी तिथे, आणि ती बाहेरून दिसत नाही. नग हलका लागणं, अक्षरं पुसट असणं, स्पेलिंग चुकलेलं असणं या खुणा उपयोगी आहेत, पण त्या नसल्या म्हणजे चार्जर सुरक्षित आहे असं मुळीच नाही. उघडून बघायच्या भानगडीतही पडू नका. चार्जर कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. दुसऱ्या चांगल्या कंपनीचा, तिच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा प्रमाणित चार्जरही चालेल. तो "कंपॅटिबल" असतो, बनावट नव्हे. हा फरक लोक विसरतात आणि महागडं ओरिजिनल परवडत नाही म्हणून थेट नकली लोगोवाला उचलतात.

थोडं अवांतर: पॉवर बँकवर १०,००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) लिहिलंय आणि मीटरवर सहा हजारांच्या आसपासच भरलं, तर लगेच तक्रार करू नका. छापलेला आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, आपण ५ व्होल्टवर मोजतो आणि वर रूपांतरात घट होते. याउलट १८६५० या ठरावीक आकाराच्या गोल बॅटरी सेलवर ९,९०० एमएएच दिसलं तर ती शुद्ध थाप आहे. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार मावतात.

खटपट्या

होलोग्राम आणि सीरियलचं राहिलं. होलोग्राम छापून मिळतात, त्यामुळे मी त्याला शून्य मार्क देतो. क्यूआर कोड स्कॅन केला की "अभिनंदन, वस्तू अस्सल आहे" म्हणणारी खोटी साइट उघडू शकते, तेव्हा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. सीरियलची गंमत अशी की एकाच खऱ्या नगाचा नंबर हजारो नकली नगांवर छापतात आणि कंपनीची साइट बिचारी "बरोबर" सांगते. तिथून "असा नंबर नाही" आलं तर वस्तू खोटी धरा. "आहे" आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. फोन असेल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का तेही बघावं.

ग्राफिक्स कार्डवाल्यांसाठी: जुन्या चिपवर बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्रॅम) बदलून नव्या मॉडेलच्या नावाने कार्डं विकली जायची. २०१८ पासून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन अशी काही एनव्हिडिया कार्डं ओळखून नावाआधी "फेक" लिहितं.

रिटर्नबद्दल: पार्सलवरचं लेबल दिसेल असा उघडतानाचा व्हिडिओ काढा. चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा. परत करताना कारण "वस्तू बनावट आहे" किंवा "वर्णनाप्रमाणे नाही" असंच निवडा, "आवडली नाही" नको. विक्रेता "अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या" म्हणत वेगळ्या ॲपवर मेसेज करेल. सगळं बोलणं साइटवरच ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार्जर कंपनीच्या दुकानातूनच घेते, एसएसडी आणि कार्ड अधिकृत यादीतल्या विक्रेत्याकडून. एकच शंका: अख्खी ड्राइव्ह भरून तपासली तर नव्या एसएसडीचं आयुष्य कमी होत नाही का?

टेस्टरताई

नगण्य. चांगल्या १ टीबीच्या एसएसडीवर काहीशे टीबी लिहून होतील अशी हमी कंपन्या देतात, त्यातला हा एक टीबी. फक्त चाचणी आधी, फोटो नंतर. खासगी डेटा भरलेली ड्राइव्ह परत पाठवायची वेळ आली तर क्विक फॉरमॅटने तो पुसला जात नाही. आणि चाचणी झाल्यावर तिने तयार केलेल्या फाइली डिलीट करा, नाहीतर फोटो टाकायला जाल तेव्हा "जागा शिल्लक नाही" दिसेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल :)