अरिमथाईकर योसेफाचे धैर्य

धैर्याचे उदाहरण म्हणून बायबलमधील दावीद आणि गल्याथ यांची, म्हणजे मेंढपाळ मुलाने महाकाय योद्ध्याशी दिलेल्या झुंजीची, गोष्ट बहुधा सांगितली जाते आणि ती पटतेही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला रणांगण येत नाही, म्हणून मला अरिमथाईकर योसेफ अधिक जवळचा वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानानुसार (19:38) तो यहूद्यांच्या भीतीमुळे गुप्तपणे शिष्य राहिला होता, तर मार्क (15:43) सांगतो की तो यहूद्यांच्या न्यायसभेचा प्रतिष्ठित सभासद होता आणि त्याने धैर्य करून रोमी सुभेदार पिलाताकडे येशूचे मृत शरीर मागितले. ही मागणी त्याने केव्हा केली, हे लक्षात घ्यावे. शिष्य पांगले होते, येशूचे पुनरुत्थान अजून कोणाला ठाऊक नव्हते आणि वधस्तंभावर मारलेल्या माणसाशी उघडपणे नाते सांगून पदरात काहीच पडणार नव्हते. पूर्वी एकदा रात्री येशूकडे आलेला निकदेम नावाचा यहूदी पुढारीही या वेळी प्रेताला लावण्यासाठी गंधरस हे सुगंधी द्रव्य घेऊन योसेफासोबत उभा राहिला.

पूर्वी भीतीने गप्प राहिलेल्या माणसालाही पुढे येण्याची वाट मोकळी असते, हे मला या वचनांतून उमगले. काही वर्षांपूर्वी कामाच्या ठिकाणी एका खोट्या बिलावर सह्या होताना मी पाहिले आणि बोललो नाही. पुढच्या वेळी कागद माझ्यासमोर आला, तेव्हा मात्र प्रार्थना करून, थरथरत्या आवाजात का होईना, मी नकार दिला. त्यानंतर वरिष्ठांनी बरेच महिने माझ्याशी बोलणे टाळले, पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यानेही सही केली नाही.