पोरांना बागेत नेल्यावर कोटणीसांच्या घरी न्यायचं का नाही?

पार्कचौककर: पुण्याहून बहीण आलती सोलापूरला पोरांना घेऊन. सकाळी किल्ला, मग शेजारची हुतात्मा बाग, पोरं एकदम खुश. मला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणलं भय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर आहे, चीनला जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार केलेले ते, 2012 ला महापालिकेने स्मारक केलंय, ते पण दाखवू. रिक्षा केली, गेलो. दहा मिनिटांत पोरं "मामा चला ना". फोटो अन मजकूर, फोटो अन मजकूर. आता माझं मत, शिव्या घालायच्या तर घाला. हे फोटो अन माहिती उचलून हुतात्मा बागेत आणा. गर्दी बागेत आहे, तर गोष्ट पण बागेत पाहिजे. घर ठेवा जसंच्या तसं, पण मुद्दाम वाकडी वाट करून तिथं कोण जालालंय सांगा.

कडकभाकरी: आम्ही जातो की ओ.

रेल्वेलाइन्सची काकू: मामा, तुम्ही पोरांना आधी काही सांगितलंत का, का तसंच नेऊन उभं केलंत? मी पुतणीला नेलंवतं, सहावीत आहे. रिक्षात बसल्यापासून सांगत होते, की 1910 ला सोलापुरात जन्मलेला पोरगा, मुंबईला डॉक्टरकी शिकला अन 1938 ला बोटीत बसून चीनला गेला, पाच डॉक्टर गेलते भारतातून, त्यातले एक आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. तिथं डोंगरात, खेड्यात, कंदिलाच्या उजेडात ऑपरेशनं. सांगतात की एका लढाईत 72 तास सलग करत होता. ती एका फोटोपुढं थांबली, त्यात ते चिनी सैनिकासारख्या कपड्यात आहेत. मला म्हणे आत्या हे दिसायला आपल्यातले, मग कपडे असे का? अन मग हळूच, "परत कधी आले?" म्हणलं नाही आले, 9 डिसेंबर 1942 ला तिथंच गेले, 32 वर्षांचे होते. ती मागं वळून दाराकडं बघायला लागली. आता मला सांगा, घसरगुंडीच्या शेजारी बोर्ड लावला तर ती कुठल्या दाराकडं बघणार होती?

पार्कचौककर: काकू तुमची पुतणी हुशार, आमचे भाचे मोबाईलवाले. सगळ्यांना तुमच्यासारखी आत्या नसती ना, तोच माझा मुद्दा आहे. सांगणारं माणूस बरोबर नसलं की ते घर मुकं आहे.

दादा_जुनी_गिरणी: माझा आक्षेपच वेगळाय. चीनची सेवा केली त्याचं एवढं कौतुक कशाला? 62 चं चीनशी युद्ध विसरलाव का, गलवानची चकमक तर काल परवाची. बागेत चार हुतात्म्यांचं नाव आहे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले, त्याआधी 1930 ला सोलापूरवर इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागलावता. आधी ते शिकवा पोरांना, मग बाहेरच्या देशाचं.

कडकभाकरी: काय बोललालाव बे दादा, तारखा तरी बघा. चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंकडं डॉक्टर मागितलेते, सुभाषबाबू त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते, काँग्रेसनेच पाठवलं पथक. लढाई जपानशी चाललीवती. आज ज्या चिनी सरकारचा राग येतो ते 1949 ला आलं, डॉक्टर वारून सात वर्षं झालीवती तोवर. अन हुतात्मे काय अन कोटणीस काय, आठ दहा वर्षांच्या अंतरातलं एकच सोलापूर आहे ना. कोटणीस एकोणीस वर्षांचे असताना गावात मार्शल लॉ लागलाय, ते पोरांना जोडून सांगितलं तर दोन्ही कळतंय.

दादा_जुनी_गिरणी: तारखांचं मान्य. मनाला नाही पटत तरी. शेवटी तिथलीच बायको केली, तिथलाच झाला.

रेल्वेलाइन्सची काकू: दादा, बायको त्यांच्याच दवाखान्यातली नर्स, क्वो छिंगलान. अन मुलाचं नाव काय ठेवलं माहिताय का, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तिथला झाला असता तर नावात आपला देश कशाला घातला असता? बाप गेला तेव्हा पोरगं चार महिन्यांचं पण नव्हतं.

(यावर दादांचं काही आलं नाही, फक्त अंगठा.)

उन्हातला_माणूस: मूळ मुद्द्यावर येतो कारण मी छपाईच्या धंद्यात आहे. बागेत फ्लेक्स लावा म्हणणं सोपंय. सोलापूरचा एप्रिल मे, 42-43 डिग्री, साधा फ्लेक्स एका उन्हाळ्यात असा पांढरा पडतो की कोटणीस कोण अन नगरसेवकाचा वाढदिवस कुठला कळणार नाही. चांगलं करायचं तर दगडावर कोरा, नाहीतर पत्र्यावर भाजलेली अक्षरं, खर्च येतो. जुने फोटो उन्हात ठेवायचा विचार पण करू नका.

पार्कचौककर: हे मात्र लक्षात आलं नव्हतं. बरं मग असं, मूळ फोटो घरातच राहू देत. बागेत एकच दगड, त्यावर चार ओळी अन बाण, भय्या चौक इकडं. एवढं तरी?

कडकभाकरी: बाणाला माझी हरकत नाही. पण चार ओळी कोण लिहिणार, त्यावरच सहा महिने भांडण चालतंय बघा आपल्यात.

रेल्वेलाइन्सची काकू: "इथून दहा मिनिटांवर एका डॉक्टरचं घर आहे, तो परत आला नाही." झाल्या की. चार पण नकोत.

पार्कचौककर: काकू, पुढच्या वेळी भाचे आले की तुम्हाला फोन करतो. रिक्षाचे पैसे माझे.