मदत हवी आहे: साओला यादीत ठेवू की काढू?

रानवाट:
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थेट विचारते. यादीत पाच नावं द्यायची आहेत. ओकापी (जिराफाच्या कुळातला आफ्रिकी प्राणी), सुमात्रन गेंडा, तामारॉ (फिलिपाइन्सची बुटकी रानम्हैस), पिग्मी हॉग (आसामातलं बुटकं रानडुक्कर) ही चार पक्की. पाचवा साओला, व्हिएतनाम-लाओसच्या डोंगरातला हरणासारखा दिसणारा प्राणी. गटातले दोघं म्हणतात काढून टाक, पण कारण धड सांगत नाहीत. उद्या सकाळी कागद द्यायचा आहे. ठेवू की काढू, एवढंच सांगा.

टिपकागद:
कसली यादी? कुणाला द्यायची? भाषण आहे की पत्र?

रानवाट:
प्राणिसंग्रहालयाने कोणते दुर्मीळ प्राणी ठेवावेत आणि वाढवावेत, त्याची. आणखी कसली असणार?

पाणमांजर:
पांढरा वाघ तेवढा सुचवू नका. 1951 साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहनची पिल्लं नात्यातल्या नात्यात जुळवत गेले, त्यातून हा सगळा गोतावळा. तिरळे डोळे, जन्मजात व्यंगं त्यातलीच. ती वेगळी जात नाही, नुसता रंग आहे.

टिपकागद:
वाघाचं कुणी विचारलेलं नाही हो.

पाणमांजर:
विचारलं नसेल, पण जागा तेच अडवून बसतात, म्हणून लिहिलं.

चारापाणी:
नऊ वर्षं खुरवाल्या जनावरांकडे कामाला होते, त्यावरून सांगते. साओला काढ.
1992 मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांगमध्ये शिकाऱ्यांच्या घरातल्या शिंगांवरून हा प्राणी शास्त्रज्ञांना कळला. त्यानंतर जे मोजके जिवंत हाती लागले, त्यांतला एकही बंदिवासात टिकला नाही. 1996 मध्ये लाओसमधल्या लाक साओ गावात साओलाची एक मादी ठेवलेली होती. अभ्यासक विल्यम रोबिशॉ तिच्याजवळ बसून नोंदी करायचे. माणसाला ती बुजत नव्हती, हातातून पानं खायची. कुत्रा दिसला की मात्र घाबरून फुरफुरायची. तीन आठवडेही जगली नाही. मेल्यावर कळलं की गाभण होती.
आमच्याकडे एक हरिणी नव्याने आली होती. चार दिवस गवताला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी कुंपणाबाहेरची एक फांदी वाऱ्याने आत वाकली, तेवढी पानं तिने मान उंचावून ओरबाडली. मग आम्ही फांद्या तोडून तिच्या तोंडाच्या उंचीला उभ्या बांधायला लागलो. तीच पानं खाली टाकली तर हुंगायचीसुद्धा नाही. ही गोष्ट नेहमीच्या, माहितीतल्या जनावराची. साओलावर असे प्रयोग करायला जनावरं आहेत कुठे?

गिधाडघर:
पूर्ण असहमत. कॅलिफोर्नियाच्या कंडोर या गिधाडासारख्या मोठ्या पक्ष्याबाबतही लोक हेच म्हणत होते, पकडू नका, मरायचे तर रानात मरू द्या. 1987 ला उरलेसुरले सगळे आत घेतले, एकूण 27 पक्षी. आज ते पुन्हा आकाशात आहेत.
सुमात्रन गेंड्याचंही तेच. 1984 पासून चाळीसेक पकडले, बहुतेक मेले. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातला इपुह नावाचा नर गवतावर खंगत चालला होता, अंजीरवर्गातल्या झाडांची पानं मिळाली तेव्हा उठून उभा राहिला. एमी मादीने पाच वेळा गाभ टाकला, आणि 2001 मध्ये त्यांचं पिल्लू अंदालास जन्मलं. त्याआधीचा बंदिवासातला जन्म 1889 चा, कलकत्त्याचा. तिथे हात टेकले असते तर?

चारापाणी:
कंडोरच्या वेळी त्यांचे भाऊबंद, अँडीज पर्वतातले कंडोर, हाताशी होते. रानात सोडण्याचा सराव आधी त्यांच्यावर झाला. साओलाला असा जवळचा भाऊबंदच नाही, कुणावर हात बसवायचा? आणि इपुहच्या आधी किती गेंडे गेले ते मोजा. गेंडे चाळीस तरी होते. साओलाचा कॅमेरा ट्रॅपमधला (रानात लावलेला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) शेवटचा फोटो 2013 चा आहे.

काडीमोड:
तुम्ही सगळे शिंगंखुरांतच अडकलात. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड होव बेटावरचा काडीकिडा घ्या. संपला असं धरलं होतं. 2001 मध्ये बॉल्स पिरॅमिड या समुद्रातल्या सुळक्यावर एका झुडपात सापडला. 2003 ला दोन जोड्या आणल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातली मादी मरायला टेकली होती, कॅल्शियम आणि मधुरसाचा थेंब थेंब भरवून तिला जगवलं. पुढे हजारो पिल्लं निघाली. एका खोलीत मावणारं काम आहे हे.

रानवाट:
काडीमोड, छान माहिती, पण त्यांना मोठी जनावरंच हवीत. जागा हत्तींची आहे.

टिपकागद:
हत्तींची जागा? हे आता सांगताय? नीट लिहा बघू.

रानवाट:
मला वाटलं लिहिलंय. एका प्राणिसंग्रहालयाने हत्ती ठेवणं बंद केलं. ती जागा रिकामी आहे, त्यांनी प्राणिप्रेमींकडून सूचना मागवल्यात. मोठा बंदिस्त गोठा, दोन पटांगणं, मध्ये भिंत. साओला मी मागतेय कारण तो कुणाच्या लक्षात यायच्या आत संपेल. त्याच्या डोंगरात वायरचे फासे हजारोंनी लावलेले असतात. माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

चारापाणी:
हे आधी सांगितलं असतंस तर वाद वाचला असता. मग प्रश्न एकट्या साओलाचा नाही, सगळी यादीच बघायला हवी. प्रत्येक नावापुढे लिही: हा प्राणी आज कुणाकडून मिळेल?
सुमात्रन गेंडा: सिनसिनाटीतला हरापान 2015 मध्ये इंडोनेशियाला परत गेला, मलेशियातली शेवटची मादी 2019 ला गेली. आता इंडोनेशियाबाहेर बंदिवासात एकही नाही. तामारॉ: बंदिवासात जन्मून वाढलेला शेवटचा कालिबासिब 2020 मध्ये मेला. पिग्मी हॉग: 1996 मध्ये मानसमधून धरलेल्या सहांपासूनचा कळप आसामातच आहे, आणि तिथेच असावा. उरला ओकापी.

रानवाट:
म्हणजे पाचातले चार गेले.

गिधाडघर:
हे मात्र पटलं. ओकापीची वंशावळीची नोंद बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात ठेवतात. जोडी तिथल्या सल्ल्यानेच येईल.

चारापाणी:
तामारॉऐवजी अनोआ घाल. सुलावेसीची बुटकी रानम्हैस, युरोपात बऱ्याच ठिकाणी आहे. नर फार भांडखोर, नर-मादी वेगळे करता यायला हवेत. तुमची मधली भिंत त्याच कामाची. डुकरात पिग्मी हॉगऐवजी फिलिपाइन्सचं विसायन रानडुक्कर. ओकापीसाठी रोजच्या पानांची सोय लागेल, हे पत्रात ठळक लिही.

पाणमांजर:
आणि वाघ नको, हेही.

रानवाट:
कागद बदलला. पहिल्या पानावर ओकापी, अनोआ, विसायन रानडुक्कर. दुसऱ्या पानावर साओला, पण प्राणी मागितला नाही. त्याच्याच डोंगरातल्या फासे काढणाऱ्या गस्तीला तिकिटाच्या पैशातला हिस्सा द्या आणि गोठ्याच्या भिंतीवर त्याचं पूर्ण आकाराचं चित्र लावा, असं लिहिलंय. चारापाणीताई, फांद्या किती उंचीवर बांधायच्या? ओकापीसाठी विचारतेय.

चारापाणी:
डोक्याच्या थोडं वर. मान ताणून ओढता आली पाहिजे. खालीवर दोन-तीन ठिकाणी बांधा, रोज एकाच जागी नको.