मॅग्नस चेस चालू असताना 'नाईन फ्रॉम द नाईन वर्ल्ड्स' दिलं तर चालेल का?

निळीशाई:
मंडळी, भाच्यासाठी विचारतेय. त्याला बारावं लागलंय, पर्सी जॅक्सनची पहिली पाच वाचून झाली आणि आता रिक रिओर्डनचंच मॅग्नस चेस घेतलंय, पहिला भाग 'द सोर्ड ऑफ समर' संपत आलाय. जेवताना सगळ्यांना रॅग्नारोक, म्हणजे नॉर्स (जुन्या उत्तर युरोपातल्या) कथांमधला जगाचा शेवट, समजावून सांगत असतो. वाढदिवस जवळ आलाय, दुकानात 'नाईन फ्रॉम द नाईन वर्ल्ड्स' दिसलं, छोट्या गोष्टी आहेत, पुस्तकही बारीकसं, म्हटलं हेच घेऊन टाकावं. पण मध्येच वाचलं तर चालेल का? आणि या वयाला जड जाईल असं काही आहे का मालिकेत? मूळ नॉर्स कथांचं मुलांसाठी काही चांगलं असेल तर तेही सांगा प्लीज.

कंदील:
ताई, आत्ता नका देऊ. मुख्य पुस्तकं तीन, २०१५, २०१६ आणि २०१७ ची, आणि हे गोष्टींचं २०१८ मध्ये त्यांच्यानंतर आलं. गोष्टीही तिसऱ्या भागानंतरच्या काळात घडतात, त्यामुळे कोण जिवंत राहिलं, कोणाचं कोणाशी जमलं हे सगळं आधीच कळून बसेल आणि तिसऱ्या भागातली निम्मी मजा जाईल. नंतर मात्र नक्की द्या, कारण तीनही भाग मॅग्नसच्या तोंडून आहेत आणि इथे तो बोलतच नाही, नऊ जगं आणि नऊ वेगळे निवेदक. ॲस्गार्डची, म्हणजे देवांच्या जगाची गोष्ट खुद्द देवांचा राजा ओडिन सांगतो, बुटक्यांच्या निडावेलीरची ब्लिट्झन हा कपड्यांचा शौकीन बुटका, राक्षसांच्या योटुनहाइमची मॅग्नसची मैत्रीण समीरा. आणि मेघगर्जनेचा देव थॉर या सगळ्या जगांमधून पळत सुटलेला असतो, तो मध्ये मध्ये येत राहतो, तोच धागा धरून गोष्टी एकमेकींत गुंफल्यात. एका बैठकीत वाचून होईल, पण माणसं आधी ओळखीची नसतील तर कोरडं वाटेल.

पानगळ:
कंदील यांना +१. 'हॉटेल वल्हाला' नावाचं अजून एक छोटं पुस्तक आहे, ते पहिल्या भागानंतर लगेच दिलं तरी चालतं. गोष्ट अशी नाहीये त्यात, देवांची आणि प्राण्यांची ओळख आहे, नावं डोक्यात बसायला बरं पडतं.

जड काय आहे ते सांगते. मॅग्नस सोळा वर्षांचा आहे, आई गेल्यावर बॉस्टनच्या रस्त्यावर राहतोय आणि पहिल्याच भागात अगदी सुरुवातीला मरतो, खरी गोष्ट मेल्यानंतर सुरू होते. मुलं हे पचवतात, मला जास्त लागलं ते हार्थस्टोनचं. तो एल्फ आहे, ऐकू येत नाही, खुणांच्या भाषेत बोलतो, आणि घरात बापाने त्याला जी वागणूक दिलीये ती दुसऱ्या भागात येते, ते प्रकरण तुम्ही आधी वाचा आणि मग भाच्याशी बोला. पण द्या नक्की, कारण मित्रांपैकी जवळजवळ सगळे हार्थस्टोनशी बोलायला खुणा शिकलेत आणि त्याबद्दल कुठेही भाषण नाहीये, ते नुसतं आहे. गोष्टींच्या पुस्तकात आल्फहाइमची, म्हणजे एल्फांच्या जगाची गोष्ट त्याच्याच तोंडून आहे, माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली तीच. त्याच्या मनात इतकं काय काय चालू असतं हे आपल्याला तिथे आतून वाचायला मिळतं.

ॲलेक्स फिएरो हे पात्र कधी मुलगी असतं कधी मुलगा, लोकी या कपटी देवाचं मूल आहे. भाचा प्रश्न विचारेल तेव्हा सरळ उत्तर द्या. त्या दुसऱ्या भागाला, 'द हॅमर ऑफ थॉर'ला, २०१७ मध्ये स्टोनवॉल पुरस्कार (एलजीबीटी विषयांवरच्या पुस्तकांना देतात तो) मिळालाय.

चार्ल्सकाठी:
मी बॉस्टनला राहते म्हणून लिहावंसं वाटलं. मॅग्नस ज्या पुलावरून चार्ल्स नदीत पडतो तो लाँगफेलो ब्रिज खरा आहे, त्यावरून मेट्रो जाते. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर लीफ एरिक्सनचा पुतळाही खरा, १८८७ चा, डोळ्यांवर हात धरून लांब बघत उभा आहे, पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. पण मुलांना मी आधी स्टेट हाऊससमोर, म्हणजे इथल्या विधानभवनासमोर नेते. तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं स्मारक आहे, १८९७ चं, घोड्यावर कर्नल शॉ आणि त्याच्या बाजूने चालणारे कृष्णवर्णीय सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा कोरलेला. मेलेले वीर राहतात त्या हॉटेल वल्हालात मॅग्नसच्या मजल्यावर असलेला टी.जे. याच रेजिमेंटचा सैनिक, गोष्टींच्या पुस्तकात हेल्हाइमची (मेलेल्यांच्या जगाची) गोष्ट तो सांगतो. १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर या रेजिमेंटने चढाई केली तेव्हा खूप माणसं गेली. भाच्याला त्या स्मारकाचा फोटो नेटवर दाखवा, टी.जे. त्याला वेगळाच वाटायला लागेल.

निळीशाई:
बापरे किती छान माहिती, खूप खूप आभार सगळ्यांचे! म्हणजे आत्ता दुसरा आणि तिसरा भाग घेते, गोष्टींचं दिवाळीच्या सुट्टीत. मूळ कथांचं राहिलं फक्त.

कंदील:
मूळ कथांसाठी इंग्री आणि एडगर डोलेअर या नवरा-बायकोचं पुस्तक बघा, १९६७ चं आहे, चित्रं त्यांचीच, मोठ्ठी आणि झकास. इंग्री स्वतः नॉर्वेच्या होत्या. आणि एक करा, 'द हॅमर ऑफ थॉर' हातात द्यायच्या आधी त्याला थ्रिमची गोष्ट सांगा. एड्डा या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहातल्या कवितेत थॉरचा हातोडा चोरीला जातो, चोर म्हणजे थ्रिम राक्षस म्हणतो फ्रेया देवीशी लग्न लावून द्या मगच परत देतो, फ्रेया साफ नाही म्हणते, मग थॉरलाच नवरीचे कपडे घालून पाठवतात आणि लोकी करवली. लग्नाच्या जेवणात नवरी एक आख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते. थ्रिम चक्रावतो, तर लोकी म्हणतो, तुमच्या ओढीने बिचारी आठ रात्री जेवली नाही हो! रिओर्डननी दुसऱ्या भागात हेच लग्न घेऊन समीराला अडकवलंय. मूळ माहीत असलं की कुठे काय फिरवलंय हे पोरगं स्वतः पकडतं, माझी लेक पान उलटायच्या आधी ओरडायची.

पानगळ:
हो हो, आणि तिसऱ्या भागाआधी मेलेल्यांच्या नखांचं जहाज, नाग्लफार, तेही सांगून ठेवा. माझा मुलगा ते ऐकल्यापासून नखं कापायला कुरकुर करत नाही, तेवढं कमी जहाज बांधलं जाईल म्हणतो.