चंदा, देणगी की साटंलोटं?

रामबागवाली: आमच्या मंडळाच्या अंकासाठी निवडणूक रोखे (देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे द्यायचे बँकेचे कागद) सुप्रीम कोर्टाने रद्द केले, त्या निकालावरचा (१५ फेब्रुवारी २०२४) लेख मराठीत करतेय. मी लिहिलं "पक्षांना मिळालेला चंदा". पुण्याच्या काकांनी मुद्रितं तपासताना लाल पेनाने खोडून "देणगी" केलं, समासात लिहिलं "चंदा हिंदी आहे". अहो, इंदुरात गणपतीची वर्गणी असते आणि पक्षाचा चंदाच असतो, लहानपणापासून हेच ऐकलंय. देणगी आपण देवळाला देतो, शाळेला देतो आणि विसरतो. इथे कोर्टच म्हणतंय की कंपनी पैसे देऊन बदल्यात धोरण पदरात पाडून घेऊ शकते, म्हणून देणारा कोण ते मतदाराला कळायला हवं. त्या "बदल्यात"ला पण एक शब्द हवाय.

मालवा४५२: चंदा फारसीतला, मान्य. पण रोखासुद्धा मूळचा रुक्का, वशिला अरबी. मग एकट्या चंद्यालाच का हाकलायचं?

सासवडकर: कारण देणगी हा चांगला चालता शब्द घरात आहे. उद्या "चुनाव" पण लिहाल.

राजवाड्यामागे: ताई, साटंलोटं लिही. माझ्या आजीचं लग्न साट्यालोट्याचं, ती देवासहून इकडे आली आणि आजोबांची बहीण तिच्या भावाला दिली. इकडे आजीला कोणी बोललं की तिकडे आत्याआजीला माहेरी धाडायचे, म्हणून दोन्ही घरं गप्प. पक्ष आणि पैसेवाले असेच एकमेकांत अडकलेले असतात.

सासवडकर: लग्नाच्या शब्दाला भ्रष्टाचार चिकटवू नका. "देवघेव" पुरे.

राजवाड्यामागे: देवघेव भाजीवाल्याशी पण होते दादा. साट्यालोट्यात तिसऱ्याला काही कळत नाही, ते महत्त्वाचं.

मालवा४५२: आणि "रोखे" वाचून माझ्या सासऱ्यांना वाटलं रोख पैसे. उलट ते फक्त स्टेट बँकेतून, केवायसी करूनच मिळायचे, जनतेपासून लपायचं ते नाव.

नारायणबाग: मला साटंलोटं अपुरं वाटतं, त्यात दोन्ही घरं बरोबरीची असतात. इथे २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढली (तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या), म्हणजे तोट्यातली कंपनी पण पैसे देऊ शकत होती. उमेदवाराला लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला काहीच नाही! याला आपल्याकडे सरळ थैलीशाही म्हणतात.

सासवडकर: थैली हा मानाचा शब्द होता हो. १९१६ साली टिळकांना साठीला एक लाखाची थैली अर्पण केली, त्यांनी ती देशकार्याला देऊन टाकली.

नारायणबाग: ती लोकांनी उघड गोळा केलेली होती. तिला देणगी म्हणा, माझी अजिबात हरकत नाही.

रामबागवाली: शुक्रवारी अंक छापखान्यात जातोय, काकांना काय कळवू? चंदा ठेवू ना?

मालवा४५२: राजवाड्यामागे, आजीच्या लग्नात मानपान दोन्हीकडून सारखा होता का? आमच्या धारच्या नात्यात याला "अदलाबदल" म्हणायचे, साटं फक्त गुरांचं असं पण ऐकलंय.